एकतिसाव्या वर्षी पुन्हा शिकाऊ होऊ का?

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात)

मी ३१ वर्षांची आहे. माहेर परभणी जिल्ह्यातलं, सध्या मोशीला भाड्याच्या खोलीत राहतो. बी.ए. झालेय. सात वर्षं चाकण पट्ट्यात कॉन्ट्रॅक्टरमार्फत काम करते. सध्या गाड्यांचे ॲल्युमिनियमचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे. शेवटच्या टेबलावर पार्ट बघायचे, पुसायचे, पॅक करायचे. पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा दवाखान्याचा विमा) कापून हातात १५,५०० येतात, ओटी (ओव्हरटाइम) लागला तर वेगळा. दर सात महिन्यांनी ब्रेक देतात, म्हणजे घरी बसवतात. आता आमच्या कंपनीनं आणखी दोन कंपन्या आणि एक प्रशिक्षण संस्था यांच्याबरोबर क्वालिटी इन्स्पेक्टरचा एक वर्षाचा कोर्स काढलाय. तीन महिने संस्थेत, नऊ महिने कंपनीत, महिना १०,५०० विद्यावेतन. सुपरवायझरनं माझं नाव सुचवलंय. पण त्यासाठी आताचं काम सोडावं लागेल, आणि पुढचं म्हणाल तर कागदावर ‘नोकरीची संधी’ एवढंच लिहिलंय. धाकटे दीर म्हणतात, वर्षभर स्वस्तात राबवून घेतील आणि सोडून देतील. मिस्टर टेम्पो चालवतात, ते म्हणतात तुझं तू ठरव. मुलगी दुसरीत आहे. पॅकिंग करणाऱ्या माझ्यासारख्या बाईला मोजमापाचं गणित जमेल का? वय निघून गेलंय का? महिन्याला पाच हजार कमी घेऊन परत शिकाऊ होणं म्हणजे मागे जाणंच नाही का?

उत्तर

ताई,

‘पार्ट बघायचे, पुसायचे, पॅक करायचे.’ तुमच्या पत्रातल्या या वाक्यापाशी मी थांबलो. यातला ‘बघायचे’ हा शब्द तुम्ही इतका सहज लिहिलाय, की त्यात सात वर्षांचं काम दडलंय हे तुमच्याच लक्षात आलेलं दिसत नाही.

मी बरीच वर्षं आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवलं. आमची मुलं शिकाऊ म्हणून जिथं लागायची, तिथं त्यांना बघायला म्हणून कंपन्यांत जाणं व्हायचं, त्यामुळे ते शेवटचं टेबल मला चांगलं ठाऊक आहे. वर ट्यूबलाइट, एका हाताला ओकेची ट्रे, दुसऱ्या हाताला लाल बिन. बाई पार्ट उचलते, उजेडात जरासा तिरका धरते, कडेवरून अंगठ्याचं नख फिरवते. नख अडलं तर कडेला धातूची बारीक धार राहिलीय, तिला ‘बर’ म्हणतात. पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढा खड्डा दिसला तर ब्लो होल. केसासारखी रेघ दिसली आणि ती पुसून जात नसेल तर कोल्ड शट. हे सगळं चार-पाच सेकंदांत उरकतं आणि पार्ट ट्रेमध्ये किंवा लाल बिनमध्ये जातो. नव्या मुलाला त्या टेबलावर उभं केलं तर पहिला आठवडा तो एकतर सगळंच ओके करतो, नाहीतर सगळंच रिजेक्ट.

कंपनीच्या भाषेत या कामाला तपासणी म्हणतात. तुमच्यात आणि इन्स्पेक्टरमध्ये फरक एवढाच, की तुम्ही ‘हा चालणार नाही’ असं डोळ्यानं सांगता आणि तो ‘हा ०.०६ मिलिमीटरनं जास्त आहे’ असं आकड्यात सांगतो, रिपोर्टवर लिहितो आणि खाली सही करतो. आकडा, रिपोर्ट आणि सही या तीनच गोष्टी तुम्हाला शिकायच्या आहेत. नजर आधीच तयार आहे. ती सहा महिन्यांच्या कोर्सात येत नाही, हे मी शिकवणारा माणूस म्हणून खात्रीनं सांगतो.

म्हणून ‘पॅकिंग करणारी बाई’ ही तुमची ओळख मला मान्य नाही. तो हजेरी कार्डावरचा शब्द आहे, आणि कॉन्ट्रॅक्टर पगार त्या शब्दाचा देतो, तुमच्या नजरेचा देत नाही. बी.ए. होऊन टेबलावर उभं राहावं लागतं याची सल तुमच्या पत्रभर आहे आणि ती खरी आहे. पण जे कौशल्य तुम्ही रोज वापरता त्याचेही पैसे तुम्हाला मिळत नाहीत, हे नुकसान मला त्याहून मोठं वाटतं. या कोर्सकडे पाहताना हे आधी पक्कं धरा: तुम्ही शून्यातून सुरुवात करत नाही. सुपरवायझरनं तुमचंच नाव का सुचवलं, तेही यावरून कळेल.

आता तुमच्या दिरांचं म्हणणं. घरातली मंडळी असं बोलली की आपल्याला ते खोडून काढावंसं वाटतं, पण त्यांच्या शंकेला आधार आहे. पुण्याच्या या पट्ट्यात ‘नीम ट्रेनी’ हा शब्द त्यांनी नक्की ऐकला असेल. केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) त्या योजनेत कंपन्या मुलांना प्रशिक्षणार्थी म्हणून घ्यायच्या. कित्येक ठिकाणी ती मुलं सरळ लाइनवर उभी असायची, कामगाराचंच काम करायची आणि पीएफ मात्र नाही. पुढे ती योजना गुंडाळली गेली. राज्य सरकारची २०२४ सालची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही लोकांनी पाहिली. बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय-पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये, सुरुवातीला सहा महिने, नंतर मुदतवाढ. कित्येक मुलामुलींना त्यातून पहिला अनुभव मिळाला, हे नाकारता येणार नाही. पण मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरलाच आणि तो घेऊन प्रशिक्षणार्थींना आंदोलनं करावी लागली.

यातून एक खूणगाठ बांधून ठेवा. विद्यावेतन सगळं सरकारच्या तिजोरीतून येत असेल आणि शिकवायचं काम संस्थेवर सोडलेलं असेल, तर उमेदवार शिकला काय नि न शिकला काय, कंपनीचं काही बिघडत नाही. त्यामुळे कोर्स चांगला की वाईट हे ठरवण्याआधी मी दुसराच प्रश्न विचारतो. तुम्ही वर्षाअखेर शिकलेल्या नसलात, तर तुमच्याशिवाय आणखी कुणाचं नुकसान होणार आहे? त्याला ‘कंपनीचं’ असं उत्तर मिळालं, तर पुढचं बोलणं करण्यात अर्थ आहे.

तसं उत्तर देणारी उदाहरणं आहेत. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात १९९० साली लीव्हाइसचा कपड्यांचा कारखाना बंद पडला. हजारावर लोकांची कामं गेली, त्यांत बहुतेक शिवणकाम करणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या बाया होत्या. शहरात नवी कामं निघत होती, पण ती या बायांना मिळण्यासारखी नव्हती. तिथल्या चर्चमधून उभ्या राहिलेल्या दोन लोकसंघटनांनी १९९२ मध्ये प्रोजेक्ट क्वेस्ट सुरू केलं. वर्ग उघडण्याआधी ही मंडळी मालकांकडे गेली. कोणत्या जागा, किती, पगार काय, हे विचारलं आणि जागा देण्याचा शब्द घेतला. त्यानंतर त्या जागांसाठी लागणारं शिक्षण स्थानिक कॉलेजांत. जोडीला फी, पाळणाघर, जाण्यायेण्याचा खर्च यांना मदत आणि दर आठवड्याला समुपदेशकाबरोबर बैठक. पुढे या कामाचा नीट अभ्यास झाला. इच्छुकांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले आणि ज्यांना प्रवेश मिळाला व ज्यांना मिळाला नाही, त्यांच्या कमाईची वर्षानुवर्षं तुलना केली. शिकत असताना क्वेस्टच्या लोकांची कमाई कमीच होती. तिसऱ्या वर्षापासून ती पुढे गेली आणि सहाव्या वर्षी वर्षाकाठी सुमारे पाच हजार डॉलरनं जास्त होती. वयाचं म्हणाल, तर सर्वांत जास्त फायदा अठरा-वीसच्या मुलांना झाला नाही. तो पंचविशीच्या पुढच्यांना झाला.

सॅन अँटोनिओ कुठे आणि चाकण कुठे, हे मलाही कळतं. पण पाच हजार कमी घेणं म्हणजे मागे जाणं, हे तुमचं गृहीत तिथं खोटं ठरलं, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. आणि ते खोटं ठरलं कारण मालकांनी शब्द आधी दिला होता, हेही त्याच्या जोडीनंच लक्षात ठेवायला हवं.

तर तुमच्याकडे आलेल्या कागदात कंपनीनं कितपत शब्द दिलाय?

‘नोकरीची संधी’ या दोन शब्दांवरून काहीच ठरत नाही. आधी करारावर कोणता कायदा लिहिलाय ते पाहा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालचा करार असेल तर तो सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो आणि त्याला क्रमांक मिळतो. तो क्रमांक मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर तिथंच थांबा. या कायद्याखाली तुम्ही ‘कामगार’ नसता, ‘प्रशिक्षणार्थी’ असता. त्याचा तोटा पुढे पैशांच्या भागात सांगतो. पण काही गोष्टी तुमच्या बाजूनंही आहेत. सुरक्षिततेचे आणि आरोग्याचे कारखान्याचे नियम तुम्हाला लागू असतात, कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची असते आणि परवानगीशिवाय तुमच्याकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. नोकरी देण्याची सक्ती हा कायदा मालकावर करत नाही, मात्र शिकून बाहेर पडलेल्यांना कामावर घेण्याबाबत स्वतःचं धोरण ठरवायला २०१४ च्या दुरुस्तीनं प्रत्येक मालकाला सांगितलंय. तेव्हा एचआरला सरळ विचारा, ‘तुमचं ते धोरण लेखी दाखवाल का?’ हा उद्धटपणा नाही. कायद्यातच लिहिलेली गोष्ट तुम्ही मागताय.

कंपनी हे का करतेय, तेही समजून घ्या. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. काही कंपन्या नुसता हा आकडा भरायला माणसं घेतात, काही खरंच पुढची फळी तयार करायला घेतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो बारीक प्रश्नांतून, म्हणून थोडं खोलात जातो.

पहिला प्रश्न मागच्या बॅचचा. पहिलीच बॅच असेल तर तसं सांगू दे, पण आधीची झाली असेल तर किती आले, किती शेवटपर्यंत टिकले आणि आज कुठे आहेत ते विचारा. कंपनीच्या तोंडून ऐकून थांबू नका. पूर्ण केलेल्या दोघी-तिघींना आणि मध्येच सोडून गेलेल्या निदान एकीला गाठा. सोडून गेलेली बाई जे सांगेल ते कोणत्याही माहितीपत्रकात नसतं.

दुसरा, जागांचा. तिन्ही कंपन्यांत मिळून येत्या वर्षात इन्स्पेक्टरच्या किती जागा निघणार आहेत आणि बॅच कितीची आहे? पाच जागांसाठी चाळीस जणी घेतल्या असतील तर हिशेब तुम्हीच करा. त्या जागा कंपनीच्या पटावरच्या की पुन्हा कॉन्ट्रॅक्टरच्या? हा प्रश्न विचारायला जीभ अडखळेल, पण विचाराच. वर्षभर शिकून इन्स्पेक्टर झालात आणि सात महिन्यांचा ब्रेक तसाच राहिला, तर तुमचा मूळ प्रश्न जागच्या जागीच आहे.

तिसरा, नऊ महिन्यांचा. कोणत्या महिन्यात कोणत्या विभागात, याचं वेळापत्रक मागा. कास्टिंग शॉप, मशीन शॉप, स्टँडर्ड रूम (मोजमापाची खोली), आवक मालाची तपासणी, असं काही कागदावर असायला हवं. सीएमएमवर, म्हणजे पार्टची मापं घेणाऱ्या संगणकी मशीनवर, प्रत्यक्ष किती तास हात लावायला मिळणार? हे मशीन महागडं असतं आणि शिकाऊ मुलांना काचेपलीकडून दाखवून परत पाठवलेलं मी पाहिलंय. रोज काय शिकलात याची लॉगबुक असते का आणि तिच्यावर सही कोण करतं? क्वालिटीतला माणूस करत असेल तर उत्तम. एचआरचा क्लार्क महिन्याच्या शेवटी गठ्ठ्यानं करत असेल तर समजून जा. आणि नऊ महिने तुम्हाला त्याच टेबलावर, तेच पार्ट बघायला उभं करणार असतील, तर दिरांचं म्हणणं खरं ठरलं. मग नाही म्हणा.

चौथा, प्रमाणपत्राचा. शेवटी परीक्षा कोण घेणार आणि कागद कुणाचा मिळणार? राष्ट्रीय पातळीवरचं शिकाऊ उमेदवारीचं प्रमाणपत्र असेल तर ते तळेगावला, रांजणगावला, वाळूजलाही चालेल. नुसतं संस्थेचं असेल तर निदान तिन्ही कंपन्या ते मानतात हे लेखी असू दे. एकाऐवजी तीन कंपन्या एकत्र येण्यात तुमचा खरा फायदा इथंच आहे. एकीची ऑर्डर घटली तर दुसरीचं दार उघडं राहतं.

या कोर्ससाठी एक रुपयाही फी भरू नका आणि मूळ मार्कशीट कुणाकडे ठेवायला देऊ नका. कुणी मागितली तर तो कोर्स चांगला नाही.

पैशांचा हिशेब तुम्ही केलाय, पण थोडा अपुरा. १५,५०० उणे १०,५०० म्हणजे महिन्याला पाच हजार, वर्षाला साठ हजार, हे बरोबर. पण ओटीही थांबेल. महिन्याला सरासरी हजार-बाराशे ओटीचे येत असतील तर तूट पंचाहत्तर हजारांच्या आसपास जाते. पहिल्या तीन महिन्यांत, संस्थेत असताना, विद्यावेतन पूर्ण मिळतं का तेही विचारून घ्या. १०,५०० हा आकडा तुमच्या गटाच्या किमान दराहून कमी तर नाही ना, हेही पोर्टलवर पाहून खात्री करा. २०१९ च्या नियमांत शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० असे दर होते आणि मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेनं ते ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली. करारात तुम्हाला बारावीच्या गटात धरलंय की पदवीच्या, त्यावर दर ठरतो.

पत्रात न आलेली आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते पाच हजारांहून मोठी. शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली असताना ईएसआय आणि पीएफ लागू होत नाही. म्हणजे वर्षभर तुमच्या, आणि तुमच्या कार्डावर असलेल्या मुलीच्या, दवाखान्याचं काय? ईएसआयची वर्गणी सहामाहीनं मोजतात. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा जुलै ते डिसेंबरमध्ये मिळतो. काम सुटलं तरी त्याच दिवशी सगळं बंद होईल असं नाही. कार्ड घेऊन ईएसआय दवाखान्यात जा आणि तुमच्या दिवसांच्या हिशेबानं लाभ कधीपर्यंत मिळेल ते विचारून या. सोडायची तारीख थोडी पुढेमागे करून लाभाचे महिने वाढत असतील तर तशी करा. पुढच्या मोकळ्या काळासाठी कंपनी काही विमा उतरवते का, हे करारावर सही करण्याआधी विचारायचं, नंतर नाही.

आणि काम सोडलं की पीएफ काढून तूट भरून काढू, असा विचार मनात आला असेल तर कृपा करून तो करू नका. निवृत्तिवेतनासाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते आणि तुमची सात होत आलीत. मध्ये वर्षभराचा खंड पडला तरी यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच ठेवून पुढे जोडता येतं, पण पेन्शनचे पैसे काढून घेतले की ती वर्षं गेली. ब्रेकमध्ये पीएफ काढणाऱ्या किती बाया आणि पोरं मी पाहिलीत. हातात आलेले तीस-चाळीस हजार दोन महिन्यांत संपतात.

मग तूट कशी भरायची? याचं उत्तर तुमच्या दोघांचं आहे. मिस्टरांनी ‘तुझं तू ठरव’ म्हटलंय. मोठ्या मनानं म्हटलं असेल, पण हा निर्णय एकट्या बाईच्या माथी टाकण्यासारखा नाही. एका रविवारी दोघं वही घेऊन बसा. घरभाडं, किराणा, मुलीची फी आणि व्हॅन, गावी पाठवायचे पैसे, हप्ते. वर्षभर कशाला कात्री लागू शकते आणि कशाला लागू शकत नाही, ते दोघांच्या अक्षरात लिहा. बचत गटाचं कर्ज मिळत असेल तर त्याचं व्याज मांडा. समोरच्या बाजूला नंतरच्या पगाराचा आकडा हवा, आणि तो तुम्ही जागांच्या प्रश्नात मिळवलेला असेल. समजा तो हातात २०,००० असेल, तर आजच्यापेक्षा महिन्याला साडेचार हजार जास्त. पंचाहत्तर हजारांची तूट साधारण सतरा महिन्यांत भरून निघते. तोच आकडा १७,००० असेल तर भरून निघायला चार वर्षं लागतात, आणि मग मी तुम्हाला सोडा असं सांगणार नाही.

एक गोष्ट मागून पाहा. काम सोडण्याऐवजी, शिकतानाही आहे त्याच पगारावर ठेवता येईल का? तीन महिने संस्थेतला वर्ग संध्याकाळी किंवा आठवड्यातून दोन दिवस घेता येईल का? सहसा ‘जमणार नाही’ म्हणतील. पण सुपरवायझरला तुम्ही हव्या आहात, आणि सात वर्षं टेबलावर टिकलेली बाई सहज मिळत नाही हे त्यालाही कळतं. जनरल शिफ्ट आणि बस, एवढं तरी पदरात पाडून घ्या. मुलगी दुसरीत असताना रात्रपाळीचं प्रशिक्षण झेपायचं नाही.

उत्तरं समाधानाची आली नाहीत तर काय? आहे तिथं राहून ड्रॉइंग वाचणं आणि मोजमाप यांचा संध्याकाळचा किंवा रविवारचा छोटा वर्ग करा. चाकण-भोसरीत असे वर्ग शोधून सापडतील. अनुभवाच्या आधारे चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनांत आहे, तीही पाहा. मात्र नुसत्या त्या कागदानं पगार वाढेल अशी आशा धरू नका. दोन-तीन ठिकाणी मुलाखतीत उपयोग होईल, एवढंच. आणि पुढच्या ब्रेकमध्ये पुन्हा त्याच कॉन्ट्रॅक्टरकडे जाण्याआधी ‘क्वालिटी’ असं लिहिलेल्या जागांसाठी थेट अर्ज करा. अर्जात पॅकिंग लिहू नका. ‘ॲल्युमिनियम डायकास्ट पार्टची अंतिम दृश्य तपासणी, सात वर्षं’ असं लिहा. ते अक्षरशः खरं आहे.

हे सदर काही कारखानदार आणि एचआरची मंडळीही वाचतात, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. ‘माणसं मिळत नाहीत’ ही तक्रार मी वीस वर्षं ऐकतोय. तुमच्या शेवटच्या टेबलावर अशी बाई उभी आहे जिला तुमच्या पार्टमधला प्रत्येक दोष नखानं कळतो, आणि तिला तुम्ही दर सात महिन्यांनी घरी पाठवता. प्रशिक्षण संस्थेशी करार करताय, चांगलं आहे. त्याच करारात ‘यशस्वी उमेदवारांपैकी इतक्यांना, इतक्या पगारावर, कंपनीच्या पटावर’ ही एक ओळ घाला. ती ओळ असेल तर वर्गात येणारी माणसं वेगळ्या जिद्दीनं शिकतात, हे मी माझ्या वर्गात पाहिलंय. ज्या बॅचला जागा ठरलेल्या असायच्या, त्या बॅचची मुलं सुटी झाल्यावरही व्हाइससमोर फायलिंग करत उभी असायची.

राहता राहिलं गणित. ताई, इथं लागणारं गणित म्हणजे बेरीज आणि दशांश चिन्ह. व्हर्नियर या मोजायच्या साधनावर दोन पट्ट्या असतात. मुख्य पट्टीवर समजा २४ मिलिमीटर दिसतात. सरकत्या पट्टीवरची कोणती रेघ वरच्या रेघेशी तंतोतंत जुळते ते बघायचं, समजा तेरावी. प्रत्येक रेघ ०.०२ मिलिमीटरची. तेरा गुणिले ०.०२ म्हणजे ०.२६. झालं, माप २४.२६. दोन रेघा जुळल्या की नाही हे ओळखायला लागते ती नजर, आणि तिच्याबद्दल वर लिहिलंच आहे. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी मी मुलांना मायक्रोमीटरनं वहीच्या कागदाची जाडी मोजायला लावायचो. साधारण ०.१० येते. मग डोक्यावरचा एक केस. तो ०.०५ ते ०.०८ च्या मध्ये कुठेतरी. केसाचं माप स्वतःच्या हातानं काढलेल्या मुलाला त्यानंतर दशांश चिन्हाची भीती वाटत नसे.

साधा व्हर्नियर हजार-दीड हजारात मिळतो. तोही लगेच विकत घेऊ नका. उद्या जेवणाच्या सुटीत तुमच्या लाइनवरच्या इन्स्पेक्टरकडे पाच मिनिटं मागा, आणि हातातली एक बांगडी काढून तिचा आतला व्यास मोजा. आतलं माप वरच्या दोन छोट्या जबड्यांनी घेतात. तीन वेळा मोजा, तिन्ही आकडे लिहून ठेवा. एचआरची उत्तरं मला कळवाल तेव्हा ते तीन आकडेही त्याच कागदावर पाठवा.